डाव्या हाताची गाठ

“एका मोटारीला एकोणीस तास?” परचुरे साहेबांनी कार्ड माझ्या बाजूला सरकवलं. “हा माणूस मोटार भरतो की तिचं बारसं करतो?”

मी कार्ड पाहिलं. अक्षर माझंच होतं. कारागीर : रायाप्पा मगदूम. सुरुवात मंगळवारी सकाळी आठला, शेवट गुरुवारी सकाळी अकराला. जेवणाच्या सुट्ट्या वजा केल्या की एकोणीस तास होत होते. गणित बरोबर होतं.

“मोठी मोटार असेल, साहेब.”

“साडेसात एच.पी.ची आहे. अगदी तशीच मोटार त्याच आठवड्यात दत्तोबा चौगुल्यांनी नऊ तासांत संपवलीय.” ते जरा थांबले. “तुमचे वडील ना ते?”

“हो.”

“मग त्यांना सांगा, साहेब शाबास म्हणाले म्हणून.”

ही ब्याण्णव सालची गोष्ट. कोल्हापूर-सांगली रस्त्यावर आमचं मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. रस्त्यावर पळणाऱ्या मोटारी नव्हेत, विजेच्या. साखर कारखान्यातल्या, विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीतल्या. मोटार जळली की तिच्या पोटातली तांब्याच्या तारेची वेटोळी काढून टाकायची आणि नव्या तारेची भरायची, हे वाइंडरचं काम. असे पाच वाइंडर होते. त्यांतले एक माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या शेजारच्या टेबलावर रायाप्पामामा. सव्वीस वर्षं दोघं तसेच शेजारी शेजारी बसलेले. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते, तेव्हा मालकांकडे शब्द टाकला तो मामांनी. दादांच्या तोंडून स्वतःच्या पोरीसाठी शब्द निघाला नसता.

मी कार्डांची कारकून होते. आलेल्या प्रत्येक मोटारीला एक गुलाबी कार्ड आणि त्याच नंबरचा, मोटारीवर कायम राहणारा पितळी बिल्ला मिळे. ज्यानं मोटार घेतली त्याचं नाव, सुरुवात, शेवट, तास. झालेली कार्डं एका लांब खिळ्याला टोचलेली असायची. मी ती रजिस्टरात उतरवायची, गठ्ठा बांधायची आणि कपाटात टाकायची. त्या गठ्ठ्यांची बेरीज कधी कुणी मागितली नव्हती. मालक स्वतः टेबलाटेबलांमधून फिरायचे, कुणाचा हात कसा चालतो ते त्यांना डोळ्यांनी कळायचं. मग मालकांनी अंथरूण धरलं आणि त्यांच्या मुलानं पुण्याहून परचुरे साहेबांना आणलं. साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला जे कागदावर नाही ते दिसत नसे.

“कामं कमी झालीत,” ते मला म्हणाले. “एक वाइंडर कमी करावा लागणार. कोण, ते मी ठरवणार नाही. तुमची कार्डं ठरवतील. आठ महिन्यांचा तक्ता करा. प्रत्येकाच्या मोटारी किती, तास किती. शनिवारपर्यंत हवा.”

मी केबिनबाहेर येऊन आधी दादांच्या कार्डांचा गठ्ठा शोधला. कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. सकाळी आई चहा द्यायची तेव्हा दादांच्या हातातली कपबशी वाजायची. आधी मला वाटलं, दमले असतील. मग ती रोज वाजायला लागली. दादा बशी खाली ठेवून दोन्ही हातांनी कप धरायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, “थंडी हाय आज.” मे महिन्यातसुद्धा.

चार दिवस मी कार्डं चाळत बसले. दादांचं एक एक कार्ड काढून मी आधी तास बघायची. पण दादांचे तास चांगले होते. नऊ, साडेनऊ, दहा. उलट रायाप्पामामांचे वेडेवाकडे. एखाद्या आठवड्यात नऊ, लगेच पुढच्या मोटारीला सतरा. नवशिक्याला लागतात त्याहून जास्त.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलापाशी गेले. त्यांचं टेबल तपासणीच्या कट्ट्याला लागून होतं. सगळ्यांत जुना वाइंडर म्हणून भरलेली प्रत्येक मोटार व्हार्निशमध्ये बुडवायच्या आधी तपासायचं कामही त्यांच्याकडेच होतं. मालकांनी घालून दिलेला एक नियम होता : तपासणीत मोटार नापास झाली तर ज्याची त्याला तोंडानं सांगायची, कागदावर आणायची नाही. मालक म्हणायचे, कारागिराची चूक लिहून ठेवली की ती त्याच्या नावाला चिकटते. त्यामुळे कार्डावर नापास झालेल्या मोटारीसाठी जागाच नव्हती. दुसऱ्यांदा केलेल्या कामासाठीही नव्हती.

“मामा, साडेसातच्या मोटारीला एकोणीस तास कसे लागले?”

“लागलं असतील.”

“लागले असतील काय? साहेब विचारतायत.”

“वय झालं पोरी. डोळं पयल्यासारखं न्हाईत.” त्यांनी मान वर केली नाही. डाव्या हातातली बांबूची पट्टी तारेवर हलकेच दाबत राहिले.

“मधे दुसरं काही काम करता का? असेल तर सांगा, मी लिहिते.”

त्यांचा हात थांबला.

“कार्डावर त्येला जागा हाय?”

“नाही.”

“मग लिवशील कुठं?” ते हसले. “जे हाय त्येच लिव. तास काय खोटं न्हाईत.”

कट्ट्यावर एक मोटार उघडी पडली होती. खाली मामांच्या पायाशी कापलेल्या सुती दोऱ्याचे तुकडे होते. मोटार भरून झाली की वेटोळी हलू नयेत म्हणून ती दोऱ्यानं घट्ट बांधतात. बांधलेली मोटार कुणी उगाच सोडत नाही. हे मला चौथीत असल्यापासून माहीत होतं, कारण मामांनीच शिकवलं होतं. दादांचा डबा घेऊन मी जायची तेव्हा ते मला हाताला धरून भट्टीतून निघालेल्या मोटारी दाखवायचे. “वाइंडर मोटारीवर नाव घालत न्हाई, पोरी. गाठ हीच त्येची सही. ही बघ तुझ्या बापाची. दोन वेढं, आन शेपूट आत दडपलेलं. लाजाळू माणूस हाय न्हवं. आन ही माझी. एकच वेढा, शेपूट भाईर, डावीकडं पडलेली. मी डावरा, म्हणून माझी गाठ बी डावरी.” व्हार्निश वाळलं की ती गाठ दगडासारखी होते आणि मोटार पुन्हा जळेपर्यंत तशीच राहते.

तर ते तुकडे मी पाहिले. पाहिले आणि तिथून निघून आले. मला विचारता आलं असतं, ही कुणाची मोटार सोडलीत म्हणून. मी विचारलं नाही. दादांचे तास चांगले होते, आणि मला तेवढंच हवं होतं.

शनिवारी मी तक्ता दिला. पाच नावं, लाल शाईनं रेघा, खाली माझी सही. पहिल्या नंबरावर दत्तोबा चौगुले, मोटारीमागे साडेनऊ तास. शेवटच्या नंबरावर रायाप्पा मगदूम, सोळा तास.

“सुंदर काम केलंत,” साहेब म्हणाले. “हे आठ महिन्यांपूर्वीच व्हायला हवं होतं.”

त्यांनी दादांनाही बोलावून विचारलं होतं. ते मला घरी कळलं. दादा जेवायला बसले होते, खुशीत होते. बऱ्याच दिवसांनी आईला त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागितली.

“सायेब म्हणालं, चौगुले, तुम्ही या वयात पोरांच्या नाकावर टिच्चून काम करता. म्या म्हणलं, हात चालतोय तवर चालवायचा.”

“आणि मामांचं काय विचारलं?” मी म्हणाले.

दादांनी घास तोंडात फिरवला. “इचारलं, मगदुमाचं असं का होतंय. म्या काय सांगणार? खरं त्येच सांगितलं. म्हणलं, रायाप्पाचा हात हल्ली जड झालाय. आपली मोटार टाकून कट्ट्यापाशीच घुटमळत असतो दीस दीस.” मग स्वतःशीच म्हणाले, “त्येला म्या दोनदा सांगितलं बी. म्हणलं, गड्या, कामात ध्यान दे. तर नुसता हसला.”

पुढच्या शनिवारी मामांना जायला सांगितलं. सव्वीस वर्षांचा माणूस घंटा झाल्यावर एक पिशवी घेऊन निघाला. बाकीचे वाइंडर दारापाशी उभे होते. मामा दादांच्या टेबलापाशी आले आणि त्यांनी आपली बांबूची पट्टी तिथं ठेवली. वापरून वापरून ती कडेला गुळगुळीत झाली होती.

“ही वापर. हिच्यानं तार सोलत न्हाई.”

“मला हाय की माझी.”

“असू दे, दत्तू. माझी वापर.”

जाता जाता ते माझ्या खिडकीपाशी थांबले. मी रजिस्टरात डोकं घातलं होतं. वर बघायचं धाडस मला झालं नाही.

“मालन, बापाचं टेबल खिडकीच्या अंगाला घ्यायला सांग सायबाला. उजेड मिळंल.”

मी हो म्हणाले. सांगितलं मात्र नाही. पहिल्या नंबरावरच्या माणसाचं टेबल कशाला हलवायचं?

सोमवारपासून तपासणी सिकंदरकडे आली. तो पाचांतला सगळ्यांत तरुण, सरळ स्वभावाचा पोरगा. साहेबांनी मालकांचा जुना नियमही मोडला. नापास मोटार आता कार्डावर लाल शाईनं लिहायची होती. तीन आठवड्यांत दादांनी पाच मोटारी भरल्या. त्यांतल्या चार नापास. कुठं तारेचा लेप खरवडलेला, कुठं वेढे एकमेकांवर चढलेले.

पहिल्या मोटारीला दादा म्हणाले, तार खराब आली असंल. दुसऱ्या वेळी म्हणाले, तपासायचं यंत्रच बिघडलंय. तिसऱ्या वेळी सिकंदरवर धावून गेले. “काल आलेलं प्वार मला शिकवतंय! सव्वीस वर्सांत माझी एक मोटार परत आली न्हाई!” चौथ्या वेळी त्यांनी मोटार आपल्या टेबलाकडे ओढून नेली. सिकंदर माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, “ताई, तुम्ही तरी समजवा. मला लिहायला कसंतरी होतं.” ते लाल आकडे रजिस्टरात मला उतरवावे लागत होते.

त्याच सुमाराला एका साखर कारखान्याकडून तीन मोटारी बेअरिंग बदलायला आल्या. जळलेल्या नव्हत्या. एकीच्या बिल्ल्यावरचा नंबर दादांच्या कार्डाचा होता, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातला. ते कळल्यावर दादांनी ती ओढून आपल्या टेबलावर घेतली. स्वतः झाकण उघडलं. आतली तार नव्यासारखी होती.

“ए सिकंदर! हिकडं ये!” सगळ्या शेडभर त्यांचा आवाज गेला. “बघ, ही मोटार दत्तोबानं भरलीया. सबंध गळिताचा हंगाम, रात म्हणू नगं दीस म्हणू नगं, चाललीया. हाय का कुठं काळा डाग? आं? हाय का?”

“नाही, काका. एकदम झकास आहे.”

“मग? म्हनं चौगुल्याचा हात बिघडला!”

त्यांनी मोटार उजेडाकडे वळवली, सगळ्यांना नीट दिसावी म्हणून. आणि तसेच वाकून राहिले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. बोटानं काहीतरी चाचपलं. मग खालच्या आवाजात मला हाक मारली.

“माले, तुझं डोळं चांगलं हायती. ही गाठ बघ.”

मी वाकून पाहिलं. दोन वेढे, शेपूट आत दडपलेलं.

“तुमचीच आहे, दादा.”

“कुठल्या अंगाला पडलीया ते इचारतोय.”

मी पुन्हा पाहिलं. मग दुसरी गाठ पाहिली, तिसरी. सगळ्या गाठी दादांच्याच होत्या, आणि सगळ्या डावीकडे पडल्या होत्या.

दादा स्टुलावर बसले. त्यांच्या मांडीवरचे हात थरथरत होते आणि या वेळी त्यांनी ते लपवले नाहीत.

“माझ्यासारखी बांधायला गेला,” ते म्हणाले. “मला कळू नये म्हणून माझ्यासारखी बांधली त्येनं. पर हात त्येचा डावा.”

थोड्या वेळानं म्हणाले, “ऑक्टोबरातली कार्डं काढ.”

रेकॉर्डच्या खोलीत आम्ही दोघं फरशीवर बसलो. मी दादांचं एक कार्ड काढायची, दादा तारीख वाचायचे, आणि मी त्या तारखेचं मामांचं कार्ड शोधायची. दादांची मोटार मंगळवारी दुपारी संपली, नऊ तास. मामांची मोटार मंगळवारी सुरू होऊन गुरुवारपर्यंत पडून, एकोणीस तास. मधला सव्वा दिवस ते दादांच्या मोटारीतली तार काढून नव्यानं भरत होते, आणि त्यांची स्वतःची मोटार थांबली तरी तिच्या कार्डावर तास चढत होते. पुढची जोडी तशीच. त्याच्या पुढचीही. दादांच्या नावावर ज्या आठवड्यात मोटार नव्हती, त्या आठवड्यात मामांचे तास झटकन नऊवर यायचे.

एकतीस जोड्या निघाल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. ती सगळी कार्डं मी माझ्या हातांनी लिहिली होती, रजिस्टरात उतरवली होती, बेरजा केल्या होत्या. फक्त दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. सव्वीस वर्षं शेजारी बसलेली माणसं मी वेगवेगळ्या गठ्ठ्यांत बांधली होती.

दादा कार्डांकडे बघत म्हणाले, “मला वाटायचं, मी भरतोय.”

त्या वेळी मला रडू फुटलं. दादा रडले नाहीत. त्यांनी कार्डं एकावर एक नीट रचून माझ्या हातात दिली.

रविवारी आम्ही एस.टी.नं रुकडीला गेलो. मामा घरासमोर लिंबाखाली पोतं टाकून बसले होते, पुढ्यात कुणाचा तरी टेबलफॅन उघडा होता. आम्हाला बघून उठले. “आरं! दत्तू! ये की, बस. मालन, आत जा, मामी हाय.”

मी आत गेले नाही. मामी चहा घेऊन बाहेर आल्या. काठोकाठ भरलेला कप त्या दादांपुढे करत होत्या, तेवढ्यात मामांनी तो मधेच घेतला, त्यातला अर्धा आपल्या कपात ओतला आणि अर्धा कप दादांच्या हातात दिला. नेहमीचं काम केल्यासारखं. अर्धा कप हिंदकळला तरी सांडत नाही. मला आठवलं, वर्कशॉपातही चहावाला आला की मामाच सगळ्यांचा चहा ओतायचे.

दादा कपाकडे बघत राहिले.

“कवापासनं ठाव हाय तुला?”

“काय?”

“रायाप्पा, गाठ बघितली म्या.”

“कसली गाठ? तुझीच असंल.”

“माझी डावीकडं पडत न्हाई.”

मामांनी टेबलफॅनचा एक स्क्रू उचलला, परत ठेवला. “दोन सालं झाली आसतील,” ते म्हणाले.

“मला का सांगितलं न्हाईस?”

“काय सांगू? माझ्या कट्ट्यावर आली, म्या केली. माझी तुझ्याकडं आली असती तर तू टाकून दिली असतीस व्हय?”

दादांनी कप खाली ठेवला. मग एकदम म्हणाले, “सायबानं मला इचारलं. म्या तुझं नाव सांगितलं. म्हणलं, ह्येचा हात जड झालाय. कट्ट्यापाशी घुटमळतो म्हणलं म्या, रायाप्पा.”

“ठाव हाय.”

“ठाव हाय?”

“सायबांनीच सांगितलं मला. म्हणलं, तुमचा दोस्तच म्हणतोय.” मामा बारीक आवाजात बोलत होते. “म्या म्हणलं, बराबर बोलतोय त्यो.”

मला तिथं बसवेना. मी म्हणाले, “मामा, तक्ता मी केला. मी विचारायला हवं होतं तुम्हाला. मी ते दोऱ्याचे तुकडे बघितले होते.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “बघितला म्या तक्ता. सायबांनी दावला. अक्षर लई चांगलं हाय तुझं.”

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच कौतुक होतं. त्यांच्या शब्दानं लागलेली पोर एवढं नेटकं काम करते, याचं. आज बत्तीस वर्षं झाली. कुणी माझ्या अक्षराला चांगलं म्हटलं की मला अजून तिथून उठून जावंसं वाटतं.

सोमवारी दादा परचुरे साहेबांपुढे उभे राहिले. “सायेब, चुकीच्या माणसाला काढलंसा. मला काढा, त्येला परत घ्या.” मी एकतीस जोड्या टेबलावर मांडल्या. साहेबांनी पहिल्या चार-पाच पाहिल्या, मग सगळ्या पाहिल्या.

“हे तक्त्यात का आलं नाही?” त्यांनी मला विचारलं.

“कार्डावर जागा नव्हती, साहेब.”

दादांनी त्याच दिवशी काम सोडलं. साहेबांनी मामांना पत्र पाठवलं, परत या म्हणून. ते घेऊन सिकंदर गेला होता. उत्तर त्यानंच आणलं, मान खाली घालून. मामा म्हणाले होते, “दत्तूच्या नावावर फुली मारून तिथं माझं नाव लिवणार असाल, तर मला नगं ती जागा.” साहेबांनी दोनदा निरोप धाडला. मामा आले नाहीत. दोन रिकाम्या टेबलांपैकी एकावर नवं पोरगं बसलं.

मग साहेबांनी नवी कार्डं छापून घेतली. त्यांत एक रकाना वाढवला, ‘दुसऱ्याच्या मोटारीवर केलेलं काम, तास’. पहिल्या महिन्याची कार्डं मी एकेक करून उतरवली. तो रकाना सगळ्या कार्डांवर कोरा होता. दुसऱ्या महिन्यातही कोराच राहिला. साल संपल्यावर मीही नोकरी सोडली.

दादांनी नंतर तारेला हात लावला नाही. मामांची ती बांबूची पट्टी मात्र त्यांच्या उशाशी असायची. मी म्हणायची, दादा, रुकडीला जाऊन येऊ या. ते म्हणायचे, जाऊ की, जरा ऊन कमी होऊ दे. मग पाऊस कमी होऊ दे. त्या रविवारनंतर दोघं एकदाही भेटले नाहीत. कुणी कुणावर रागावलं नव्हतं. दादांना लाज वाटत होती, आणि आपण समोर गेलो तर ती वाढेल असं मामांना वाटत होतं. अशी सहा वर्षं गेली.

दादा गेले त्या दिवशी मामा सकाळच्या पहिल्या एस.टी.नं आले. कुणी कळवलं ते मला माहीत नाही. खूप वाळले होते. अंगणात तिरडी बांधत होते, तिथं ते गेले आणि काही न विचारता सुतळी हातात घेऊन खाली बसले. त्यांची बोटं म्हातारी झाली होती, पण थरथरत नव्हती.

माझा चुलतभाऊ घाईत होता. “पाव्हणं, गाठ उलटी पडतीया तुमची. द्या हिकडं, आम्ही बांधतो.”

मामांनी हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मी दारात आईला धरून उभी होते.

“राहू दे,” मी म्हणाले. “त्यांनाच बांधू दे.”

त्यांनी बांधली. या वेळी दोन वेढे घेतले नाहीत, शेपूट आत दडपलं नाही. एकच वेढा, शेपूट बाहेर, डावीकडे पडलेली. दादांना उचललं तेव्हा त्यांच्या खांद्यापाशी ती गाठ सगळ्यांना दिसत होती.